डिप्रेशनचे उपचार : पहिल्या केसपेपरपासून शेवटच्या गोळीपर्यंत

आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला कालनिर्णय लटकतं. सासूबाई त्यावर दुधाचा हिशोब ठेवतात. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेला फुली, जास्तीचं घेतलं तर कोपऱ्यात बारीक आकडा. सहा वर्षांपूर्वी त्याच चौकोनांत आणखी एक खूण दिसायला लागली, ती माझ्या गोळीची टिक. सासूबाईंचा डिप्रेशनवर विश्वास नव्हता ("आम्हाला कुठे सवड होती असल्या दुखण्यांना!"), पण हिशोबावर होता. पोह्यांच्या बशीबरोबर रोज प्रश्न यायचा, "गोळी झाली का गं?" मी मान हलवली की टिक.

आज वाटतं, माझ्या उपचारात डॉक्टरांच्या खालोखाल कोणाचा हात असेल तर त्या कॅलेंडरचा. कारण डिप्रेशनचे उपचार बहुतेक वेळा तारखांमध्ये फसतात. तिसऱ्या आठवड्यात माणूस गोळ्या सोडतो कारण फरक पडत नाही, आणि चौथ्या महिन्यात सोडतो कारण फरक पडला. मीही सोडल्या होत्या. ते पुढे सांगतेच.

मी डॉक्टर नाही. स्वतः उपचार घेतले, आणि नंतर ओळखीपाळखीच्या चारपाच जणांसोबत ओपीडीच्या बाकावर बसले, एवढाच माझा अधिकार. गोळीचं नाव आणि मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर काय करायचं हे बाकावर सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी खात्री करा की हे डिप्रेशनच आहे

वाईट वाटणं आणि डिप्रेशन यांत डॉक्टर कालावधीने फरक करतात. दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचाल मंदावणं, मरणाचे विचार यांतल्या काही तक्रारी. एकूण नऊपैकी पाच लक्षणं असली आणि त्यामुळे कामधंदा, घर चालवणं अडायला लागलं, की त्याला आजार म्हणतात.

आपल्याकडे मात्र "मी उदास आहे" असं म्हणत डॉक्टरांकडे जाणारा विरळाच. लोक जातात ते डोकं जड होतं, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, पोटात गॅस धरतो म्हणून. मी स्वतः चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. माझी खरी खूण वेगळीच होती. मशीनमध्ये धुतलेले कपडे वास मारेपर्यंत तसेच पडलेले असायचे. वाळत घालायचे हे कळत होतं, पण उठवत नव्हतं.

जगभर वापरली जाणारी एक सोपी प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचच्या खाली विशेष काही नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बऱ्यापैकी तीव्र, २० किंवा वर तीव्र. मराठीतही ती मिळते. तिने निदान होत नाही, ते डॉक्टर बोलून करतात. पण पहिल्या दिवशीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा मोजा. "थोडं बरं वाटतंय बहुतेक" यापेक्षा १९ चे ११ झाले हे जास्त उपयोगाचं असतं, विशेषतः ज्या मनाला काहीच बरं दिसत नाही त्या मनासाठी.

दोन गोष्टी या टप्प्यावर निसटतात. पहिली, रक्ताच्या तपासण्या. थायरॉईड मंदावला की माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो. हिमोग्लोबिन खूप कमी असलं किंवा बी-१२ घसरलं (शाकाहारी घरांत हे सर्रास सापडतं), तरी थकवा, सुस्ती, विसराळूपणा येतो. म्हणून टीएसएच (थायरॉईडसाठी), सीबीसी (हिमोग्लोबिनसाठी), बी-१२ आणि साखर एकदा बघून घ्यावी. ते बिघडलेलं निघालं तर त्याचाही इलाज करायचा, पण "बी-१२ कमी आहे, म्हणजे डिप्रेशन नाही" असा सोयीचा निष्कर्ष काढू नका. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आयुष्यात कधी असा काळ आला होता का, की चारपाच दिवस किंवा जास्त झोप जेमतेम, तरी अंगात वारं भरल्यासारखा उत्साह, बडबड, भरमसाट खर्च, मोठमोठे बेत? आला असेल तर हा बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता हे सांगा. घरात कोणाला तसा त्रास असेल तर तेही.

कोणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. चाचण्या आणि बोलण्याचे उपचार हे त्यांचं काम, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक या शब्दाखाली मात्र सगळंच येतं, एम.ए. करून वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसापासून दोन दिवसांचं शिबिर केलेल्यापर्यंत. शिक्षण काय आणि कोणती पद्धत वापरता, हे विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

फॅमिली डॉक्टरही सौम्य ते मध्यम डिप्रेशनचे उपचार सुरू करू शकतात, आणि तालुक्याच्या गावी बऱ्याचदा तोच रस्ता असतो. फक्त चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा. नुसती झोपेची किंवा घबराटीची गोळी असेल, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांपैकी, तर तो डिप्रेशनचा इलाज नव्हे. त्या गोळ्यांनी पहिल्याच रात्री बरं वाटतं, म्हणून तर त्या फसव्या. सुरुवातीचे दोनचार आठवडे आधाराला ठीक, पण महिनोन्महिने घेतल्या की शरीराला सवय लागते आणि मूळ आजार जागच्या जागी राहतो. माझ्या मावशीला कुणीतरी पाच वर्षं तीच एक गोळी दिली. ती सोडवायला दीड वर्ष लागलं.

खर्चाचं बोलायचं तर खासगीतच गेलं पाहिजे असं नाही. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं नुसती दाखल करून घेण्यासाठी आहेत असा समज आहे, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. येरवड्याच्या नावाने नाकं मुरडणारी माणसं मी पाहिलीत, आणि तिथल्या ओपीडीत औषधं घेऊन दुपारी कामावर जाणारी माणसंही. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नाममात्र पैसे पडतात. गोळ्यांचं म्हणाल तर डिप्रेशनची नेहमीची औषधं जेनेरिकमध्ये मिळतात, जनऔषधी केंद्रात विचारा.

कुठेच जायची हिंमत होत नसेल तर १४४१६. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीत बोलता येतं. समुपदेशक ऐकून घेतात, आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी जोडून देतात.

विम्याबद्दल थोडंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते दाखल झाल्यावर, आणि डिप्रेशनचा खर्च होतो ओपीडीत. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का तेवढं बघून घ्या.

पहिल्या भेटीला जाताना

एका कागदावर लिहून न्या. त्या खुर्चीवर बसल्यावर डोकं रिकामं होतं, हा माझा एकटीचा अनुभव नाही. कधीपासून, झोप कशी, जेवण कसं, वजन, दारू-तंबाखू, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि जिममधल्या पावडरीसुद्धा), आधी असं झालं होतं का, घरात कोणाला होतं का. स्त्रियांनी पाळी, गरोदरपण, अंगावर पाजणं याबद्दल सांगायचंच, त्यावर गोळीची निवड ठरते.

सोबत कोणाला न्यायला हरकत नाही, पण काही वेळ एकटीने बोलायचंय असं सांगा. माझा नवरा पहिल्या भेटीत माझ्या वतीने सगळी उत्तरं देत होता, अगदी प्रेमाने. डॉक्टरांनी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवलं तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. आपण सांगितलेलं गुप्त ठेवणं कायद्यानेच डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असणं यासारखे थोडेच अपवाद. आणि मरणाचे विचार येत असतील तर ते सांगून टाका. ते ऐकून डॉक्टर दचकत नाहीत, त्यांना ते रोजचंच आहे.

निघताना चार प्रश्न विचारा. आजार किती तीव्र आहे? ही गोळी कशासाठी आणि किती दिवसांनी लागू पडेल? कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा? पुढची भेट कधी? उत्तरं तिथेच लिहून घ्या.

बोलण्याचे उपचार

सौम्य डिप्रेशनमध्ये सहसा आधी हेच करून बघतात. मध्यममध्ये बोलणं किंवा गोळी, यांपैकी काय ते रुग्णाच्या कलाने ठरतं. तीव्र असेल तर दोन्ही एकत्र, कारण त्या अवस्थेत माणसाला विचारांशी झुंजायला लागणारं बळच नसतं. आधी गोळीने उठून बसायचं, मग बोलायचं.

समुपदेशन म्हणजे कोणीतरी गोड बोलून समजूत घालतं, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मला गृहपाठ मिळाला. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ : मशीनमधले कपडे वाळत घालायचे. सगळे नाही, पाच. पाच झाले की थांबायची मुभा. आणि वहीत लिहायचं, काय केलं, किती वाजता, करून किती बरं वाटलं (० ते १०), किती जमलं (० ते १०). माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे : "सकाळी १०.४०, पाच कपडे. बरं वाटलं ०. जमलं ३." चौथ्या दिवशी मी आठ कपडे घातले आणि खाली लिहिलं, "शेजारच्या काकूंनी कढीपत्ता मागितला, देऊन आले. बरं वाटलं ४." डिप्रेशन म्हणतं, आधी बरं वाटू दे, मग उठ. या पद्धतीत क्रम उलटा असतो. आधी हात हलवायचा, वाटणं मागून येतं. इंग्रजीत तिला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात.

हे खेळ वाटत असतील तर गोव्यातला अभ्यास बघा. संगाथ या संस्थेने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले आणि त्यांतल्या एका गटावर हीच पद्धत वापरून पाहिली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं आणि भेटी होत्या सहा ते आठ. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या गटातले ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि माझ्या मते डिप्रेशनच्या उपचारांत आपल्या मातीतून आलेली याहून आशादायक बातमी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही गावातल्याच कार्यकर्त्यांना घेऊन असंच काम झालं. तिथे डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

पुढचा टप्पा विचारांचा. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत, जगभर सर्वांत जास्त तपासली गेली आहे. साधारण १२ ते १६ भेटी, आठवड्याला एक. बहिणीने फोन उचलला नाही की माझ्या डोक्यात थेट वाक्य यायचं, "तिला माझा कंटाळा आलाय." हे वाक्य कागदावर उतरवायचं, त्याच्या बाजूचा पुरावा लिहायचा, विरुद्ध बाजूचा लिहायचा, मग जास्त खरं वाटेल असं वाक्य शोधायचं. ("ती अकरा वाजता वर्गात शिकवत असते. दुपारी नेहमी उलटा फोन करते.")

सीबीटीची एक चुलत बहीण आपल्याकडे जुनी आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात आणून रुजवली, म्हणून मराठीतून ही पद्धत वापरणारे समुपदेशक तुलनेने सहज भेटतात. तिचं म्हणणं असं, की इच्छा त्रास देत नाहीत, त्यांचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो : च. "मुलाला चांगले मार्क मिळावेत" ही इच्छा. "मिळालेच पाहिजेत" हा हट्ट. आठवडाभर मी स्वतःच्या बोलण्यातले 'च' मोजत होते. बुधवारी बावीस झाले आणि मोजणं सोडलं.

समुपदेशक जमतोय का, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत कळतं. नुसतेच उपदेश मिळत असतील ("सकारात्मक विचार करा", "तुमच्याहून दुःखी लोक बघा"), किंवा दरवेळी भेट संपते आणि पुढे काय करायचं ते ठरतच नाही, तर बदला.

गोळी : पहिले सहा आठवडे

आज सुरुवातीला सहसा एसएसआरआय गटातली गोळी देतात. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही त्यातली नेहमीची नावं. अंगदुखीही बरोबर असेल तर ड्युलोक्सेटिन, झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर रात्रीची मिर्टाझापिन, असा डॉक्टरांचा विचार असतो. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं अजून वापरात आहेत, परिणाम चांगला, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, गुंगी जास्त, आणि हृदयविकार असलेल्यांना जपून.

सुरुवात लहान मात्रेने होते. एसिटालोप्राम असेल तर ५ किंवा १० मिलिग्रॅम, सर्ट्रालिन २५ किंवा ५०. आता कॅलेंडर काढा.

पहिला आठवडा बहुधा वाईट जातो. मळमळ, डोकं दुखणं, जुलाब, घाम, झोप उडणं, कधी आधीपेक्षा जास्त अस्वस्थता. गोळीचा फायदा दिसायच्या आधी त्रास दिसतो, आणि नेमकं इथेच माणूस म्हणतो, "मला हे सूट होत नाही." बहुतेक त्रास दोन आठवड्यांत ओसरतो. गोळी खाऊन झाल्यावर घेतली की मळमळ कमी होते, आणि झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी. पण अजिबात बसवत नाही अशी तगमग झाली, अंगावर पुरळ आलं किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढले, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे या पहिल्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा ते चौथा आठवडा. आधी बदलते ती झोप आणि भूक, मन शेवटी. बऱ्याचदा आपल्या आधी घरच्यांना कळतं. सासूबाईंनी एकदा कॅलेंडरवर टिकेशेजारी "आमटी मागून घेतली" असं लिहिलं होतं. मला त्या दिवशी काहीच वेगळं वाटलं नव्हतं.

सहावा ते आठवा आठवडा हा निकालाचा. पुरेशी मात्रा पुरेसे दिवस घेऊनही पीएचक्यूचा आकडा निम्म्यावर आला नाही, तर औषध बदलायचा विचार होतो. त्याआधी स्वतःहून बदलू नका.

कोणी सहसा सांगत नाही अशा काही गोष्टी. या गोळ्यांनी शरीरसंबंधांची इच्छा कमी होऊ शकते किंवा तृप्तीला उशीर लागतो. लाजून गोळी बंद करणारे पुष्कळ. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा कमी करता येते, बुप्रोपिऑनसारखं दुसरं औषध देता येतं (फिट येत असतील तर ते चालत नाही). सत्तरीतल्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजोबा गोळी सुरू झाल्यावर अचानक गोंधळल्यासारखे वागायला लागले, तोल जायला लागला, तर सोडियम तपासा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या या औषधांबरोबर सतत घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलही बरोबर नको. दारूने डिप्रेशन वाढतं आणि गोळीचं काम वाया जातं. "शनिवारी एक पेग चालेल का" हा प्रश्न डॉक्टरांना विचारा, मित्रांना नको.

गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर औषध घेताच येत नाही, असं नाही. पाजणाऱ्या आयांना सर्ट्रालिन बरेचदा दिलं जातं. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर "बाळंतिणीला होतं असं" म्हणून दवडू नका.

पहिली गोळी लागू पडली नाही तर

यात विशेष काही नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला. बाकीच्यांना दुसरा, तिसरा टप्पा लागला. म्हणजे पहिली गोळी फसणं म्हणजे तुम्ही फसलात असं नव्हे. डॉक्टर आधी बघतात की गोळी रोज घेतली जाते का (कॅलेंडर दाखवा), मात्रा पुरेशी आहे का, निदान बरोबर आहे का. मग मात्रा वाढवणं, दुसऱ्या गटातलं औषध, किंवा लिथियमसारखी जोड. लिथियम घेताना रक्तातली पातळी, थायरॉईड आणि किडनी ठरावीक काळाने तपासावी लागते, ते चुकवू नका.

दोन औषधं नीट घेऊनही उपयोग झाला नाही तर पुढचे पर्याय निघतात. आरटीएमएस म्हणजे डोक्याला बाहेरून चुंबकीय लहरी देणं. भूल नाही, आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे. मोठ्या शहरांतच मिळतं आणि महाग आहे. केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, ते देखरेखीखाली देतात. त्याचा परिणाम काही तासांत दिसू शकतो, पण टिकवणं अवघड.

आणि ईसीटी, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'शॉक'. सिनेमांनी याची जी दशा केली आहे, त्याला तोड नाही. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देणं कायद्यानेच बंद आहे. रुग्ण झोपलेला असतो, काही मिनिटांत संपतं, साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्याला दोन किंवा तीन. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येत नाहीत, हा खरा तोटा आहे आणि तो आधी समजून घ्यावा. पण खाणंपिणं सोडलेल्या, पडून राहिलेल्या, मरायचंच ठरवलेल्या माणसाला इतक्या झपाट्याने उठवणारा उपचार क्वचितच दुसरा असेल.

चौथा महिना

माझं इथे चुकलं. चौथ्या महिन्यात मी ऑफिसात हसत होते, गौरीचे फराळ केले, पीएचक्यू ३ वर. एका सकाळी विचार केला, आता कशाला. सासूबाईंना "झाली गोळी" म्हणत राहिले आणि त्या टिक करत राहिल्या. तीनच दिवसांत चक्कर, चिडचिड, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. ते दहा दिवसांत गेलं, मला वाटलं सुटले. दोन महिन्यांनी कपडे परत मशीनमध्ये.

नियम असा, की पूर्ण बरं वाटायला लागल्यावर त्याच मात्रेत आणखी किमान सहा ते नऊ महिने. कॅलेंडरवर बरं वाटल्याची तारीख लिहा आणि तिथून मोजा, गोळी सुरू केल्याच्या तारखेपासून नाही. आजार दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आला असेल तर दोन वर्षं किंवा जास्तही. बंद करताना एकदम नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, पायरीपायरीने. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन सोडताना जास्त जपावं लागतं, फ्लुओक्सेटिन शरीरातून हळू जातं म्हणून सोपं. परीक्षा, लग्नकार्य, घर बदलणं अशा धामधुमीत बंद करायचा घाट घालू नये.

या काळात चालणं, ठरल्या वेळी झोपणं-उठणं चालू ठेवा. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस झपझप चालणं सौम्य डिप्रेशनमध्ये खरोखर औषधाच्या तोडीचं काम करतं. तीव्र असेल तर ते औषधाला जोड, पर्याय नाही.

घरच्यांनी

"थोडं बाहेर पडत जा" असं म्हणू नका. चपला घाला आणि म्हणा, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." फरक एवढाच आहे, पण फार मोठा आहे. गोळ्यांची आठवण करा, पण प्रत्येक रुसव्याला "आज गोळी घेतली नाहीस का?" असं विचारू नका.

जीव नको झालाय, असं कोणी म्हटलं तर सरळ विचारा, मरायचे विचार येतात का, काही ठरवलंय का. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातल्या जास्तीच्या गोळ्या आणि शेतावरची फवारणीची औषधं कुलपात टाका, किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. १४४१६ ला फोन करा, तातडी असेल तर १०८ बोलवा किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. पोलिसांच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही.

शेवटी एक घरगुती काम. वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय रद्दीत जातं, नाहीतर मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला. या वर्षाचं ठेवा. पुन्हा कधी वेळ आलीच, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, मागच्या वेळी कोणती गोळी लागू पडली, किती मिलिग्रॅमवर आणि किती दिवसांनी. माझं कपाटात, आहेराच्या साड्यांखाली आहे. दुधाच्या फुल्या, गोळीच्या टिका, एका चौकोनात आमटी, आणि चौथ्या महिन्यातल्या त्या खोट्या टिका, ज्यांच्यावर मी नंतर लाल पेनाने गोल केलेत.